पत्ते पिसता पिसता क्लास-ऑब्जेक्ट: बदाम सात ते पाच-तीन-दोन

जुलै २०२४ मध्ये स्वयम्-एनपीटेल या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा ८ आठवड्यांचा कोर्स लावला. लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी इथपर्यंत बरं चाललं होतं आणि मग क्लास आला, म्हणजे एक साचा, आणि त्यातून बनवलेली प्रत्यक्ष वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. मी चिपळूणला एका पतसंस्थेत अकाउंट्स बघते, शिक्षण बीकॉम, कोडिंगशी संबंध आला तो एक्सेलच्या मॅक्रोमुळे. क्लास, ऑब्जेक्ट, सेल्फ, इनहेरिटन्स हे सगळं ऐकून ऐकून पाठ झालं पण लावायचं कुठे ते कळेना. आता फेब्रुवारी २०२५ मध्ये माझा पाच-तीन-दोनचा खेळ पूर्ण चालायला लागलाय, म्हणून मधे काय काय झालं ते क्रमाने लिहून ठेवतेय, माझ्यासारखं कुणी ऑफिस सांभाळून एकटं शिकत असेल तर उपयोग होईल.

आधी कोर्सच्या कागदपत्रांबद्दल, कारण त्यातच लोक गोंधळतात. कोर्सला नाव घालणं फुकट आहे, पण त्याने परीक्षेची नोंदणी होत नाही, तो फॉर्म वेगळा, त्याची लिंक कोर्स चालू असताना मधेच येते आणि तिला मुदत असते. मी १००० रुपये भरले. नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच घाला कारण सर्टिफिकेटवर तेच छापून येतं. मला सेंटर मिळालं कोल्हापूरचं. असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ मार्क, आणि दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं, २५ पैकी निदान १० आणि ७५ पैकी निदान ३०. म्हणजे असाइनमेंट सोडून देऊन परीक्षेत भागवू असं चालत नाही.

तर क्लास. उदाहरणं सगळीकडे तीच, कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करते, दोघं प्राणी या क्लासमधून आले. ऐकताना समजतं पण माझ्या मते शिकणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही, कारण त्या कुत्र्याला भुंकण्यापलीकडे काही काम नसतं. क्लास नसता तर काय अडलं असतं हे त्यातून दिसतच नाही. मला असं काहीतरी हवं होतं ज्यात खरोखर चार जणांकडे चार वेगळ्या गोष्टी असतात, प्रत्येकाला थोडं माहीत असतं आणि बाकीचं माहीत नसतं.

ते मिळालं गणपतीत. ७ सप्टेंबरला गणपती बसले, आम्ही सगळे गुहागरकडे गावच्या घरी, रात्री आरत्या-भजन आटोपलं की ओटीवर सतरंजी टाकून पत्ते सुरू. मी आत्याच्या शेजारी वही घेऊन बसले आणि तिला म्हटलं, आत्या, मला बदाम सात अगदी पहिल्यापासून सांग, मला काहीच येत नाही असं समजून सांग. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. कॅट पिसायचा. चौघांना तेरा तेरा पानं वाटायची. ज्याच्याकडे बदाम सत्ती त्याने ती टाकायची. मग बदाम अठ्ठी नाहीतर छक्की लागते, किंवा दुसऱ्या कुठल्या रंगाची सत्ती. लागणारं पान नसेल तर पास. ज्याची पानं आधी संपली तो जिंकला. मी विचारलं, "पान असून पास म्हटलं तर?" तर आत्या म्हणाली, "आपल्या घरात नाही चालत ते, माझ्या सासरी चालायचं." हा नियम वहीत लाल पेनाने लिहिला, कारण असे घरोघरचे नियमच प्रोग्रॅममध्ये सगळ्यात जास्त वेळ खातात.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन नामांखाली एक रेघ आणि क्रियापदांखाली दोन रेघा मारल्या. पत्ता, कॅट, खेळाडू, टेबल, डाव ही नामं. पिसणे, वाटणे, पान टाकणे, पास म्हणणे ही कामं. नामांचे क्लास होतात आणि कामांच्या मेथड, हे पुस्तकात वाचलं होतं, पण आत्याच्या तोंडची वाक्यं तशी फोडल्यावर पहिल्यांदा पटलं. त्यापुढचा प्रश्न खरा महत्त्वाचा होता, हे काम कोणाचं? पिसणं कॅटचं, ते सोपं. पण हे पान आत्ता लागतं की नाही हे कोण ठरवणार? पत्ता नाही ठरवू शकत, त्याला टेबलावर काय आहे ते माहीतच नाही. खेळाडूने ठरवलं तर प्रत्येक खेळाडू आपापले नियम घेऊन बसेल. म्हणून ते टेबलाकडे गेलं. टेबल प्रत्येक रंगाचं खालचं टोक आणि वरचं टोक लक्षात ठेवतं आणि लागतं_का असं विचारलं की हो किंवा नाही सांगतं. संगणक बंद ठेवून वहीवर हे सगळं ठरवण्यात दोन-तीन संध्याकाळी गेल्या असतील, आणि त्या संध्याकाळी पुढे खूप कामाला आल्या.

पायथन विंडोजवर टाकताना एक लक्षात ठेवा, इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत खाली पाथमध्ये घालायचा एक चौकोन असतो, तो आपोआप टिक नसतो, तो टिक करा, नाहीतर कमांड प्रॉम्प्टला पायथन सापडत नाही आणि तासभर जातो. पायथन फुकट, एडिटर फुकट, लॅपटॉप घरातला जुनाच, असल्या खेळाला तो भरपूर झाला.

मी नावं मराठीत ठेवली. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं पण पायथन ३ मध्ये क्लासचं, व्हेरिएबलचं, मेथडचं नाव देवनागरीत चालतं, फक्त पायथनचे स्वतःचे शब्द इंग्रजीत राहतात. त्यामुळे सेल्फचं कोडं माझ्यापुरतं तरी सुटलं. ही ओळ बघा:

आत्या.पान_टाक(सत्ती)

आणि ही:

खेळाडू.पान_टाक(आत्या, सत्ती)

दोन्ही चालतात आणि दोन्हींचा अर्थ एकच. पायथन पहिली ओळ आतल्या आत दुसरीसारखीच चालवतो. डॉटच्या आधी जो उभा आहे तो मेथडमध्ये पहिल्या जागी जाऊन बसतो आणि त्या जागेचं नाव सेल्फ. बस एवढंच आहे. मेथड लिहिताना ती जागा ठेवली नाही की पायथन तक्रार करतो की तुम्ही एक आर्ग्युमेंट (कंसात द्यायची गोष्ट) जास्त दिलं, आपण म्हणतो मी तर एकच दिलं, तर दुसरं कुठून आलं? ते जास्तीचं म्हणजे आत्या. दुसरी ओळ मी तशीच टाईप करून चालवली आणि पान पडलं तेव्हा इतका आनंद झाला की ती अजून फाईलच्या वर कॉमेंटमध्ये ठेवलीय.

मराठी नावांची एक अडचण मात्र आहे, ती नीट सांगते कारण यावर कुठे लिहिलेलं सापडलं नाही. काही भाग मी मोबाईलवर नोट्समध्ये टाईप करून लॅपटॉपवर पेस्ट करायचे. फेऱ्या नावाचं व्हेरिएबल होतं, त्यावर पायथन अडला, न दिसणारं अवैध अक्षर आहे, यू प्लस २००डी. बघायला गेलं तर फेऱ्या अगदी फेऱ्यासारखंच दिसत होतं. गंमत अशी की ऱ्या दोन तऱ्हांनी टाईप होतो. एकात मुळातच वेगळा ऱ वापरलेला असतो, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन मधे एक न दिसणारा जोडणारा घातलेला असतो. छापून दोन्ही सारखे, पण नावात तो न दिसणारा पायथनला चालत नाही. तर कुऱ्हाड, दऱ्या, फेऱ्या असले शब्द नावात घेताना जपून, नाहीतर सरळ फेरी ठेवा, मी तेच केलं.

कोल्हापूरची परीक्षा दिवाळीच्या आधी झाली. पहाटेच्या एसटीने कुंभार्ली घाटातून गेले, बायकांना अर्ध तिकीट असल्यामुळे खर्च बेताचा. हॉल तिकीट छापून न्यायचं, फोटोचं ओळखपत्र मूळ, झेरॉक्स चालत नाही. परीक्षा त्यांच्या कॉम्प्युटरवर. माझ्या आजूबाजूला सगळी इंजिनिअरिंगची मुलं, थोडं बावरायला झालं, पण क्लासचे प्रश्न आले तेव्हा मनात आत्या आणि सत्ती आली आणि हात थांबला नाही. रिझल्टला काही आठवडे थांबावं लागतं आणि सर्टिफिकेट सॉफ्ट कॉपीच मिळतं, पोस्टाने काही येत नाही. मला मिळालं, ऑफिसच्या फाईलला लावलं.

बदाम सात दिवाळीपर्यंत खेळण्याजोगा झाला. कॅट आधी नुसतीच छापून बघितली तर पत्त्यांऐवजी पत्ता ऑब्जेक्ट अ‍ॅट आणि पुढे लांबच लांब आकडा असं बावन्न वेळा आलं. डंडर एसटीआर (डंडर म्हणजे नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर) ही मेथड लिहिली तर एकेक पत्ता बदाम सत्ती असा नीट दिसायला लागला, पण लिस्ट छापली की परत तेच. कारण लिस्ट तिच्या आतल्या गोष्टी दाखवताना डंडर रेप्र वापरते, एसटीआर नाही. तर आधी रेप्र लिहा, एसटीआर नसेल तर पायथन तीच वापरतो, एका दगडात काम होतं. नावांच्या ओळी सरळ लागत नाहीत त्याचंही कारण असंच आतलं आहे, पायथनच्या हिशोबाने इस्पिक म्हणजे ६ अक्षरं, कारण पाय मोडणं आणि वेलांटी तो वेगळी मोजतो, डोळ्याला तर तीनच दिसतात. मी मग रंगांची चिन्हंच छापली.

आणि हो, खेळाडूच्या हातातल्या पानांची लिस्ट इनिटच्या (ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालते ती मेथड) कंसात रिकामी लिस्ट म्हणून डिफॉल्ट देऊ नका. ती लिस्ट एकदाच तयार होते आणि सगळ्या खेळाडूंना तीच जाते, एकाला वाटलेली पानं चौघांच्या हातात दिसतात. इनिटच्या आत, प्रत्येकासाठी नवी लिस्ट करायची.

भाऊबीजेला आत्या आमच्याकडे आली तेव्हा लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. तिच्या सोयीसाठी कीबोर्ड मराठी केलेला. पानांना नंबर दिलेले, टाकायचं त्याचा नंबर दाबायचा. तिने दाबलं ५, म्हणजे आपलं मराठी ५, आणि मी आता एरर येणार म्हणून बघतेय तर पान पडलं. नंतर शोधलं तर कळलं की इनपुटमध्ये आलेले देवनागरी आकडे पायथनचं इंट फंक्शन सरळ समजून घेतं. कोडमध्ये आकडा म्हणून लिहिलेला चालत नाही, पण बाहेरून आलेला चालतो. आत्या तीन कॉम्प्युटर खेळाडूंबरोबर खेळत बसली आणि मधेच म्हणाली, "हा तिसरा माझी पानं बघतोय गं."

तो बघत नव्हता, पण बघू शकला असता, हे तिच्या बोलण्यावरून लक्षात आलं. मी कॉम्प्युटर खेळाडूला पान निवडायला सांगताना अख्खा डाव हातात देत होते, आणि डावात चौघांची पानं असतात. पायथनमध्ये काही खरंखुरं लपवता येत नाही, नावाआधी अंडरस्कोर लावणं म्हणजे फक्त इथे हात लावू नका अशी पाटी. तेव्हा उपाय एकच, जे बघायचा हक्क आहे तेवढंच द्यायचं. आता पान_निवड या मेथडला मिळतं ते स्वतःचा हात आणि टेबलावर उघडं पडलेलं. एन्कॅप्सुलेशन हा शब्द मी परीक्षेत लिहून आले होते, कळला तो इथे. मग माणूस आणि कॉम्प्युटर हे दोन क्लास खेळाडू या क्लासमधून काढले, दोघांत फरक फक्त पान_निवडचा, एक विचारतो आणि दुसरा ठरवतो, डावाला समोर कोण बसलंय याच्याशी देणंघेणं नाही.

नोव्हेंबरच्या मध्याला पाच-तीन-दोन घेतला. मला वाटतं ओओपीचा, म्हणजे क्लास-ऑब्जेक्ट वापरून प्रोग्रॅम लिहायच्या पद्धतीचा, सराव करायचा असेल तर एकाच खेळावर थांबू नये, दुसरा खेळ घ्यावाच, आणि तो पहिल्यापेक्षा वेगळा असावा. बदाम सातमध्ये एक्का सगळ्यात खाली, दुर्रीच्याही खाली. पाच-तीन-दोनमध्ये तोच एक्का सगळ्यात वर. आणि त्यातही हुकूम किलवर असेल तर किलवरची अठ्ठीसुद्धा बदामच्या एक्क्याला मारते. म्हणजे पत्ता लहान की मोठा हे पत्त्यात लिहिलेलंच नसतं, ते खेळात असतं, त्या डावात असतं, त्या हातात पहिली उतारी कोणती होती त्यात असतं. पत्त्याला फक्त रंग आणि नाव माहीत असावं, बास. दोन पत्त्यांची तुलना करणारी मेथड मी पत्त्यातून काढून डावाकडे दिली आणि पत्त्याचा क्लास एकदम आठ-दहा ओळींचा उरला.

हात कोणाचा हे काढायची ओळ मला फार आवडते. टेबलावर तीन पानं, प्रत्येकासाठी तीन गोष्टींचा एक संच बनवायचा, हुकूम आहे का, उतारीचा रंग आहे का, आणि पान केवढं. आणि त्यातलं मोठं कोणतं ते मॅक्स फंक्शनला विचारायचं. पायथन डावीकडून तुलना करतो, हुकूम असेल तर तिथेच निकाल, नसेल तर उतारीचा रंग, तोही सारखा असेल तर मग पान. ओटीवर आपण डोळ्यांनी जे करतो अगदी तेच, त्याच क्रमाने.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी, तिघं खेळतात, पानं ३०, एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत चारही रंगांची २८ आणि त्यात दोन सत्त्या, आमच्याकडे इस्पिक आणि बदामची. वाटताना आधी पाच, मग तीन, मग दोन. पहिल्या पाच पानांवर पाचवाल्याने हुकूम बोलायचा. एकाने पाच हात करायचे, एकाने तीन, एकाने दोन. जास्त झाले त्याने पुढच्या डावात कमी झालेल्याकडून तितकी पानं न बघता ओढायची आणि बदल्यात आपली नको ती द्यायची. ही ओढाओढ प्रोग्रॅममध्ये सगळ्यात जड गेली कारण एका डावातलं देणं पुढच्या डावात जातं, म्हणजे ते डावात ठेवून चालत नाही, डाव संपला की तो ऑब्जेक्ट गेला. त्यासाठी बैठक असा वेगळा क्लास केला, बैठकीत अनेक डाव, आणि देणंघेणं बैठकीच्या वहीत. अकाउंट्सवाली असल्यामुळे इथे मला बरं वाटलं. हात एकूण दहाच, पाच अधिक तीन अधिक दोन, त्यामुळे जास्त झालेले आणि कमी पडलेले यांची बेरीज प्रत्येक डावानंतर शून्य यायलाच हवी, ताळेबंद जुळलाच पाहिजे. तशी असर्टची ओळ (अट खोटी ठरली की प्रोग्रॅम तिथेच थांबतो) घातली आणि तिन्ही कॉम्प्युटर खेळाडूंना रात्रभर आपापसात खेळत ठेवलं. कुठे अडलंच तर तोच डाव पुन्हा बघता यावा म्हणून पिसायच्या आधी रँडमचा सीड ठरवून द्या, मग पानं दरवेळी त्याच क्रमाने येतात.

गुण फाईलमध्ये लिहिताना विंडोजवर चारमॅप नावाची एरर येते, फाईल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं सांगितलं की जाते.

डिसेंबरात कोड पुण्याच्या भाच्याला दाखवायचा होता, तो आयटीत आहे. त्याने गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, टाक म्हटलं. खातं फुकट, खाजगी रिपॉझिटरीही फुकट, पण टू-फॅक्टर चालू करावं लागलं, आणि त्यात मिळालेले रिकव्हरी कोड छापून कपाटात ठेवा, मोबाईल बदलला की तेच कामाला येतात. कोड वर चढवताना खात्याचा पासवर्ड चालत नाही, ऑगस्ट २०२१ पासून ते बंद आहे, टोकन (पासवर्डऐवजी द्यायचा लांब कोड) काढावं लागतं किंवा ब्राउझरमधून परवानगी द्यावी लागते. टोकन एकदाच दिसतं, तेव्हाच कॉपी करून घ्या.

भाच्याचं उत्तर यायला जानेवारी उजाडला, त्याचीही रिलीज चालू होती. त्याने फार काही लिहिलं नव्हतं, एकच प्रश्न, "मावशी, वाटल्यावर पत्ता कधी बदलतो का?" नाही बदलत. मग बदलता येऊच नये असा कर म्हणाला, डेटाक्लास वापर आणि फ्रोझन ठेव. पायथन ३.७ पासून ही सोय आहे. त्याने इनिट, रेप्र आणि सारखेपणा तपासायची मेथड आपोआप येतात. सारखेपणाचं विशेष महत्त्वाचं, नाहीतर वेगवेगळ्या बनवलेल्या दोन बदाम सत्त्या पायथनला वेगळ्या वाटतात. पत्त्याचा क्लास आता अवघ्या चार ओळींचा आहे.

एकूण खर्च परीक्षेचे हजार, कोल्हापूरचा प्रवास आणि जेवण, एक दोनशे पानी वही. वेळ रात्री जेवणानंतर मिळेल तसा, मार्च एंडिंगच्या आत उरकायचं होतं ते उरकलं. कोणी सुरू करणार असेल तर ज्या खेळाचे नियम तुमच्या घरात पाठ आहेत तोच घ्या, झब्बू असो, गुलामचोर असो. मेंढीकोट घेतलात तर दोन-दोन जणांची जोडी असते, हात जोडीचे मोजले जातात, तेव्हा ते खेळाडूकडे ठेवायचे की जोडी म्हणून नवा क्लास करायचा हे वहीवरच ठरवून घ्या. मी आता तोच लिहायला घेतलाय, आणि सध्या जोडीचा वेगळा क्लास करून बघतेय.